संहिता नसलेलं नाटक: आमच्या शाळेतला दशावतार

11 जानेवारी 2025, शनिवार. संध्याकाळी साडेपाचला आमच्या शाळेच्या पटांगणात चौदा मुलांनी पाऊण तासाचा दशावतार, म्हणजे इकडचं पारंपरिक लोकनाट्य, सादर केला. त्यानंतर आजूबाजूच्या तीन शाळांतल्या शिक्षकांचे फोन आले: परवानगी कशी काढली, पैसे कुठून आणले, कलाकार कसे मिळाले? फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहून काढते आहे.

मी मूळची सांगलीकडची. 2018 साली जिल्हा परिषदेच्या शाळेत सिंधुदुर्गात आले, कुडाळ तालुक्यात. शाळा पहिली ते सातवी, पट एक्केचाळीस, शिक्षक तीन. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी अर्धा वर्ग पेंगत होता. कारण विचारलं तर एकाच सुरात उत्तर आलं, "बाई, राती धयकालो होतो." गावच्या देवळात जत्रेला रात्रभर दशावतार रंगतो आणि पहाटे दहीकाल्याने संपतो, म्हणून तो धयकालो. इकडे कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवणपासून पलीकडे गोव्यातल्या पेडण्यापर्यंत कार्तिकापासून उन्हाळ्यापर्यंत हेच चालतं.

मी स्वतः बसून पाहिला तो बऱ्याच उशिरा, जानेवारी 2024 मध्ये. रंगमंचावर एक लाकडी बाकडं, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. एवढंच. तेच बाकडं सिंहासन, तेच पर्वत, तेच पलंग. राजा आणि ऋषी समोरासमोर उभे राहून अर्धा अर्धा तास वाद घालत होते आणि त्यातलं एक वाक्यही कुणी लिहून दिलेलं नव्हतं. प्रयोगाआधी रंगपटात, म्हणजे रंग लावायच्या खोलीत, ज्येष्ठ कलाकार आख्यान सांगतो, कोण कधी येणार आणि कोणत्या प्रवेशात काय घडायला हवं ते ठरतं. बाकी सगळं बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या करायचं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरं वह्या डोक्याला बांधून मुकुट करून तेच खेळत होती. निबंधाच्या चार ओळींसाठी गाइड शोधणारा मुलगा तिथे न थांबता पाच मिनिटं बोलला. तेव्हाच ठरवलं की हे शाळेत शिकवायचं.

जून 2024 मध्ये शाळा सुरू झाल्यावर मुख्याध्यापकांशी बोलले. त्यांचा होकार लगेच मिळाला, पण कागद हवेत म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या जुलैच्या सभेत ठराव घेतला. ठरावात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: बाहेरचे कलाकार शिकवायला येणार, तास कधी होणार, आणि मानधन लोकवर्गणीतून देणार. आम्ही तिसरी गोष्ट लिहिली नव्हती. नंतर "मानधन कोणत्या शीर्षाखाली?" असा प्रश्न आला आणि दुसरी सभा बोलवावी लागली, त्यात सोळा दिवस गेले. वेळेचा प्रश्न मात्र सहज सुटला. शनिवारची सकाळची शाळा आणि त्यातला 'आनंददायी शनिवार'चा उपक्रम, त्यातच शेवटचा दीड तास बसवला.

शिकवणारे काका शेजारच्या वाडीतले. वय साठीच्या पुढे. चाळीस वर्षं दशावतारी कंपनीतून राजपार्ट, म्हणजे राजाच्या भूमिका, केलेले, आजही जत्रेचा हंगाम न चुकवणारे. मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात छत्री घेऊन त्यांच्याकडे गेले तेव्हा ते गुडघाभर चिखलात तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावत होते. बांधावरूनच बोलणं झालं. "आता लावणी चालू आसा, बाई. श्रावणात येतंय." दशावतारी कलाकार पावसात शेतकरी असतो आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर त्याला रात्रीची झोप नसते. त्यामुळे शिकवायला मोकळा काळ म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर. कुणी ही तयारी दिवाळीनंतर सुरू करायचा विचार करत असेल तर कृपा करून करू नका.

बाहेरची व्यक्ती नियमित मुलांमध्ये येणार म्हणून चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र लागेल असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. ते काकांना सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. सगळा गाव ज्यांना हरिश्चंद्र म्हणून ओळखतो, त्यांना आपण चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागायचा! ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गावात कोणाकय इचारा मी कोण तां. पण पोरांचो प्रश्न आसा, तर काढूया." मी त्यांच्यासोबत जाऊन ऑनलाइन अर्ज भरून घेतला. आधार कार्ड, फोटो, रहिवासाचा पुरावा, अंगठा. दाखला एकोणीस दिवसांनी आला. मुलांच्या पालकांची संमतीपत्रं त्याच दिवसांत गोळा केली. त्यात रंग लावण्याची संमती आणि त्वचेचा त्रास, दमा, फिट असं काही असल्यास ते लिहायची ओळ मुद्दाम घातली. दोन पालकांनी तिथेच मुलांच्या खरजेचं लिहिलं, म्हणून आम्हाला कळलं.

पहिला तास 10 ऑगस्टला झाला. मी चौथी ते सातवीची यादी करून, कुणाला काय द्यायचं हे ठरवून तयार होते. काकांनी यादी बघितलीच नाही. मुलांना गोल बसवलं आणि संकासुराची गोष्ट सांगायला लागले. दशावतारात मुख्य आख्यानाआधी आडदशावतार असतो: गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो, सरस्वती येते, आणि मग वेद पळवणारा संकासुर येतो, काळा पोशाख, तोंडावर काळा बुरखा. देव आणि राजे ग्रांथिक मराठीत बोलतात, संकासुर मात्र मालवणीत. हल्ली बऱ्याच ठिकाणी वेळेअभावी हा भाग अगदी आटोपता घेतात. काकांना तो पूर्ण शिकवायचा होता, निदान संकासुरापुरता तरी.

गोष्ट सांगता सांगता ते मध्येच थांबले आणि पाचवीतल्या एका मुलाला विचारलं, "तू संकासूर. ब्रह्मदेव इचारता, वेद खय आसत? काय सांगशीत?" तो मुलगा वर्गात माझ्यासमोर तोंड उघडायचा नाही. उघडलंच तर त्याच्या प्रत्येक वाक्याला मी "शुद्ध बोल" म्हणून थांबवलेलं. तो उठला आणि म्हणाला, "वेद? ते माजे आवशीन चुलीखाली घातल्यान, भात शिजलो!" सगळी मुलं हसून लोळली. काका हसले नाहीत. त्यांनी ब्रह्मदेव होऊन त्याला उलट प्रश्न केला, तो पुन्हा बोलला, आणि असं दहा मिनिटं चाललं. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. सहा वर्षं मी या मुलांची भाषा दुरुस्त करत आले, आणि त्या भाषेत एवढं सामर्थ्य आहे हे मला त्या दिवशी दिसलं. ते मला फार लागलं.

मुख्य आख्यान बळी-वामनाचं ठरलं. गोष्ट दिवाळीमुळे मुलांना ठाऊक, पात्रं थोडी, आणि वाद घालायला भरपूर जागा. बळीराजा वामनाला तीन पावलं जमीन द्यायला निघतो. गुरू शुक्राचार्य ओळखतात की हा विष्णू आहे. दानाचं पाणी हातावर पडूच नये म्हणून ते झारीच्या तोटीत जाऊन बसतात. वामन दर्भाची काडी तोटीत खुपसतो, शुक्राचार्यांचा डोळा जातो आणि पाणी वाहतं.

बळीसाठी सातवीतली एक मुलगी सगळ्यांत चांगली बोलत होती. दशावतारात परंपरेने बायकांची कामंही पुरुषच करतात. मी विचारलं तेव्हा काका "बघूया" म्हणाले आणि पुढच्या शनिवारपर्यंत तो विषय काढलाच नाही. मला वाटलं, आता नकार येणार. 31 ऑगस्टला ते आले ते पिशवीत एक मुकुट घेऊन. त्यांच्या घरी पडून असलेला जुना लाकडी मुकुट त्यांनी सुताराकडून आतून कोरून हलका करून घेतला होता आणि घेर दोन बोटं कमी केला होता. तो त्यांनी त्या मुलीच्या डोक्यावर ठेवला, मागून नाडी बांधली आणि मान हलवायला सांगितली. बाकी काही बोलले नाहीत.

मुकुटाबद्दल एक सांगून ठेवते. आतून सुती कापडाची घडी द्या आणि पहिल्या दिवशी वीस मिनिटांपेक्षा जास्त बांधू नका. मुलांच्या कपाळावर वळ उठतात, मग ती प्रयोगभर मुकुटच सांभाळत बसतात.

गणपतीत 7 सप्टेंबरपासून शाळेला सुट्टी. याच दिवसांत मुंबईचे चाकरमानी गावात असतात, म्हणून वर्गणीची हीच वेळ. समितीचे अध्यक्ष आणि मी पावतीपुस्तक घेऊन आरतीच्या वेळी घरोघरी गेलो. 13,500 रुपये जमले. समितीच्या खात्यात भरले, प्रत्येक पावतीची दुसरी प्रत जपून ठेवली. एकूण खर्च 19,600 झाला: काकांचं मानधन पंधरा शनिवारांचं 7,500, पखवाजवाल्या दादांचं शेवटच्या सहा शनिवारांचं 2,400, पोशाखांचं भाडं आणि कापड 3,200, रंग 850, मांडव आणि ध्वनिक्षेपक 4,500, चहा-नाश्ता 1,150. उरलेले 6,100 आम्ही तिघा शिक्षकांनी वाटून घातले. काका मानधन घ्यायला तयार नव्हते. मी हट्टाने दिलं. ही त्यांची पोटापाण्याची कला आहे, आणि शाळेने ती फुकट मागू नये असं मला मनापासून वाटतं.

सप्टेंबरच्या शेवटी बळी-शुक्राचार्यांचा वाद आकाराला आला. शुक्राचार्य झालेला मुलगा बजावत होता, "राजन, हा बटू फसवा आहे, दान देऊ नकोस." बळी थोडी घुटमळली आणि म्हणाली, "आचार्य, दाराशी आलेल्याला परत पाठवणारा राजा आणि पाणी आटलेली विहीर, दोघांकडे पुन्हा कुणी फिरकत नाही." काकांनी पेटीवरचा हात थांबवला. मी तिला नंतर विचारलं, कुठे वाचलंस? तिच्या घराजवळची विहीर मार्चमध्ये आटते, एवढंच ती म्हणाली.

ऑक्टोबरात गाडी अडली. 15 तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली, आम्हा तिघांनाही निवडणुकीचं काम. प्रशिक्षणं, याद्या, त्यात दिवाळीची सुट्टी. शाळेतच मतदान केंद्र असल्यामुळे पोशाखांचा पेटारा, बाकडं, सगळं सामान 18 नोव्हेंबरला उचलून एका पालकाच्या पडवीत नेलं. तिथे पावसाची एक अवेळी सर आली आणि वामनाची कागदी छत्री भिजून गेली. शाळेत साठवण करणार असाल तर वर्षाच्या सुरुवातीलाच हे गृहीत धरा. पुन्हा तास सुरू झाले ते 30 नोव्हेंबरला, आणि तोवर काकांचा हंगाम सुरू झाला होता. ते रात्रभर कुठल्या तरी देवळात राजा होऊन, पहाटे तोंड पुसून, सातला शाळेच्या पायरीवर येऊन बसलेले असायचे. कानामागे पांढरा रंग तसाच राहिलेला असायचा.

डिसेंबरच्या सुरुवातीला माझ्या हातून एक मोठी चूक झाली. एका तालुकास्तरीय बालनाट्य स्पर्धेचं पत्रक आलं. मुलांना बक्षीस मिळावं असं वाटलं, अर्ज भरला. अर्ज परत आला, कारण टंकलिखित संहितेच्या तीन प्रती जोडलेल्या नव्हत्या. फोन करून सांगितलं की दशावताराला संहिता नसते. उत्तर आलं, नियम सगळ्यांना सारखा. मग मी तालमीचं रेकॉर्डिंग लावून दोन रात्री बसले आणि मुलांची वाक्यं जशीच्या तशी टाइप केली. चौदा पानं झाली. प्रती काढून 14 डिसेंबरला मुलांना वाटल्या.

त्या दिवशीची तालीम आठवली तरी जीव कासावीस होतो. संकासुर झालेला मुलगा दोन वाक्यं बोलून थांबला आणि वर बघायला लागला, पुढचं आठवत. शुक्राचार्य आपलं वाक्य संपवून उभा राहिला, कारण बळीचं वाक्य कागदावर वेगळं होतं. प्रत्येकजण समोरच्याचं ऐकायचं सोडून आपली ओळ यायची वाट पाहत होता. काकांनी एक प्रत हातात घेतली. "ह्यां कोणी लिवलां?" मी म्हटलं, मुलांचंच आहे, मी फक्त उतरवलं. त्यांनी चार पानं उलटली. "व्हय, वाक्यां तेंचीच. पण आता ती कागदाची झाली."

तिथेच मी प्रती गोळा केल्या. स्पर्धेचा अर्ज सोमवारी मागे घेतला. आयोजकांचा दोष नव्हता, त्यांचा नियम लिहिलेल्या नाटकांसाठी होता. पण पोरांच्या डोक्यातून तो कागद काढायला दोन शनिवार गेले. काकांनी त्यावर साधा उपाय केला: रोज भूमिका बदलायच्या. आज वामन असलेला उद्या बळी, बळी उद्या द्वारपाल. आपली म्हणून एकही ओळ उरली नाही तेव्हा मुलं पुन्हा समोरच्याकडे बघून बोलायला लागली. हे आम्ही ऑगस्टमध्येच करायला हवं होतं. तुम्ही पहिल्या महिन्यापासून करा.

प्रयोगाच्या परवानग्या फार अवघड नाहीत, फक्त वेळेत सुरू करा. ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्यात पंधरा दिवस आधी अर्ज, सोबत ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणि शाळेच्या लेटरहेडवर कार्यक्रमाची वेळ. काकांना त्याच रात्री दुसऱ्या गावी जत्रेला जायचं होतं, म्हणून आम्ही साडेपाचला सुरू करून आठच्या आत संपवायचं ठरवलं. लहान मुलांसाठीही तेच बरं. माइक कॉलरचे घेऊ नका, युद्धाच्या गिरक्यांमध्ये टिकत नाहीत. दोन माइक पुढे जमिनीलगत ठेवले, तेवढे पुरले.

दशावतारी कलाकार स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो. काकांनी मुलांनाही तेच करायला लावलं. आधी खोबरेल तेल, मग सफेदा म्हणजे पांढरा रंग, मग गुलाबी, शेवटी काजळाने भुवया. दोन दिवस आधी प्रत्येकाच्या कोपराच्या आतल्या बाजूला रंगाचा ठिपका लावून पाहिला होता. एका मुलीला पुरळ उठलं, तिला फक्त कुंकू-काजळ लावलं. रंग काढताना साबण अजिबात नको. पुन्हा खोबरेल आणि मऊ धडपं. रंगपटात म्हणजे दुसरीच्या वर्गात पेटाऱ्यावर गणपतीची तसबीर ठेवून नारळ वाढवला, चौदाही मुलं पाया पडली आणि काकांनी शेवटचं आख्यान सांगितलं, त्यांच्या कंपनीला सांगतात तसंच, एक शब्द सोपा न करता.

समोर तीनशे तरी माणसं होती. संकासुराने पहिल्या पाच मिनिटांत पटांगण ताब्यात घेतलं. खरी कसोटी पुढे लागली. दानाचा प्रवेश आला. शुक्राचार्य बाकड्यामागे दडून झारीच्या तोटीपाशी डोकं लावून बसले. बळीने झारी उचलली आणि तिचा हात घामाने निसटला. झारी बाकड्यावर आपटली, तोंडातून भळकन पाणी सांडून मंचावर पसरलं. गोष्टच मोडली! पाणी अडलंय म्हणून तर दर्भ खुपसायचा, आणि इथे पाणी सगळीकडे. मी विंगेत उभी होते, माझे हातपाय गार पडले. काकांकडे पाहिलं. ते पेटीवर एकच सूर धरून शांत बसले होते.

बळी खाली वाकली, झारी उचलली, ओल्या फळीकडे बघितलं आणि म्हणाली, "आचार्य, कुठे असाल तिथून पाहा! तुम्ही झारी अडवलीत, तर पाण्याने वरून वाट काढली. ही पृथ्वीच दानाला उतावीळ झाली आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण गोष्ट अजून अडकलेलीच होती. तेव्हा सहावीतला तो छोटा वामन पुढे झाला, तळहात पसरून म्हणाला, "राजन, पाणी भूमीवर पडलं, याचकाच्या हातावर नाही. संकल्प अपुरा आहे. तोटीत काय अडकलंय ते मला माझ्या दर्भाने पाहू दे." आणि त्याने काडी खुपसली. बाकड्यामागून शुक्राचार्य डोळा धरून असे काही किंचाळत उठले की पुढे बसलेली बालवाडीची पोरं आयांच्या कुशीत शिरली. पखवाज कडाडला. काकांनी पद उचललं. त्या सुरात त्यांचा आवाज थोडा कापत होता, तो मला ऐकू आला.

सव्वासहा वाजून गेल्यावर प्रयोग संपला. बक्षीस समारंभ आणि भाषणं होऊन लोक पांगले तोवर काका निघालेही होते. त्यांचा टेम्पो फाटकाशी उभा होता. पेटी चढवताना त्यांनी बळीला हाक मारली, मुकुट परत घेण्यासाठी असं तिला वाटलं. तिने तो दोन्ही हातांनी पुढे केला. "ऱ्हवांदे," ते म्हणाले, "तो आता माका बसना नाय."

ती मुलगी जूनमध्ये हायस्कूलला गेली. मुकुट शाळेत आहे, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, सुती कापडात गुंडाळून. शाळेला मिळालेली वस्तू म्हणून डेडस्टॉक रजिस्टरमध्ये तिची नोंद करावी लागते. मी ती 13 जानेवारीला केली: लाकडी मुकुट, नग 1, जुना, वापरात.